कागदावर गोठा

पुण्याहून कुठल्याही दिशेला तासभर गाडी हाकली की मुख्य रस्त्याच्या आत, शेताशेतांतून नवे गोठे दिसायला लागतात. गोठ्याला स्टाईलची फरशी असते, सरकत्या काचेच्या खिडक्या असतात, दारापुढे तुळस आणि छपरावर डिश. जनावर असलंच तर मागच्या पत्र्याखाली एखादी गाय. पण कागदोपत्री तो गोठाच, नाहीतर ‘शेतीमाल साठवणुकीची खोली’. बांधणाऱ्याला हे ठाऊक असतं, गावच्या भाऊसाहेबांना ठाऊक असतं, मीटर बसवायला आलेल्या वायरमनलाही ठाऊक असतं. फसवणूक कुणाचीच होत नाही, त्यामुळे याला खोटं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

याच रस्त्यांवर दुसरी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे फ्लेक्स. ‘११ गुंठे, स्वतंत्र सातबारा, फार्महाउससाठी उत्तम.’ खाली हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि टोप्या घातलेलं एक हसरं गोरं कुटुंब, जे त्या तालुक्यात आजवर कुणी पाहिलेलं नाही.

गोठा आणि फ्लेक्स ही एकाच कायदेव्यवस्थेची दोन पोरं आहेत. स्वतःच्या रानात राहायला घर बांधणाऱ्याला ती आडवाटेला लावते आणि जमीन कापून विकणाऱ्याला सरळ रस्ता सापडू देते. असं का होतं, याचा छडा लावताना मी बरीच दप्तरं चाळली, कचेऱ्यांच्या बाकड्यांवर बसलो, वास्तुविशारदांशी, निवृत्त सर्कलशी म्हणजे मंडल अधिकाऱ्याशी, एजंटांशी बोललो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नियम फार आहेत ही तक्रार अर्धवट आहे. खेड्यातल्या बांधकामाचे आपले नियम मुळात घराकडे बघतच नाहीत, ते जमिनीच्या आकाराकडे बघतात. आकार म्हणजे सातबाऱ्यावर रुपये-पैशांत लिहिलेला तो शेतसारा. घर पडेल की उभं राहील, त्यात पाणी शिरेल की नाही, हे प्रश्न या पद्धतीत फार उशिरा आले आणि आले तेही दारातच थांबले.

इतिहास थोडक्यात. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मोजणी आणि सारा ठरवण्याची पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत आणि आकार मिळाला. गाव दोन भागांत विभागलं गेलं. सारा देणारी जमीन एकीकडे आणि लोक राहतात ते गावठाण दुसरीकडे. गावठाणाला सारा नाही, म्हणून त्याच्या आत काय चाललंय याची महसूल खात्याला फारशी फिकीर नव्हती. मग १८७९ चा मुंबई जमीन महसूल कायदा आला. शेताची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर कलेक्टरची परवानगी घ्या, असं त्याने सांगितलं. कारण उघड होतं. पीक काढणाऱ्याकडून एक दर आणि गिरणी किंवा बंगला बांधणाऱ्याकडून चढा दर. सरकारला फरकाचे पैसे हवे होते.

स्वातंत्र्यानंतर हीच कल्पना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये उतरली. तिचं कलम ४४ म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘एनए’, अकृषिक वापराची परवानगी. अर्ज करा, सात दिवसांत पोच मिळेल, नव्वद दिवसांत निर्णय होईल, निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जाईल. कलम वाचताना वाटतं, किती समंजस माणसाने लिहिलंय! पण नव्वद दिवस उलटले म्हणून मानीव परवानगीवर पाया खणणारा शेतकरी मला भेटलेला नाही. त्रुटी काढून फाईल परत पाठवली की नव्वद दिवसांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि ज्या करासाठी हा सगळा डोलारा उभा राहिला, तो अकृषिक कर पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये घेतला. कर माफ झाला तरी फाईल काही सुटली नाही.

संहितेत शेतकऱ्याच्या घराची सोय अजिबात नाही, असंही नाही. कलम ४१ प्रमाणे शेतकरी आपल्या शेतात शेतघर बांधू शकतो. अवजारं, खत, धान्य, जनावरं यांसाठी आणि कुटुंबाच्या किंवा गड्याच्या राहण्यासाठीही. शहरांपासून लांबच्या गावात त्याला पूर्वपरवानगी लागत नाही. पण गाव शहराच्या किंवा नियोजनाच्या ठरलेल्या हद्दीत आलं की जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि मग मापं सुरू होतात. जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर हवी. एक एकर ते दीड एकर असेल तर जोतं १५० चौरस मीटरपर्यंत. त्याहून जास्त असेल तर क्षेत्राच्या चाळिसाव्या हिश्श्याइतकं किंवा ४०० चौरस मीटर, यांतलं कमी ते, आणि त्यातला राहण्याचा भाग १५० चौरस मीटरच्या आत. मजला एकच.

मापं वाईट नाहीत. शेतघराच्या नावाखाली कुणी तीन मजली लॉज उठवू नये, हा हेतू दिसतो. पण ही अट ज्या काळात सुचली त्या काळची जमीन आता कुणाकडे आहे? १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. ही सरासरी झाली. सरासरीच्या खाली असलेल्यांच्या सातबाऱ्यावर गुंठ्यांत बोलायची वेळ आलेली आहे.

माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे, बत्तीस गुंठे आहेत.

तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कचेरीत बसणारी माणसं इतर कचेऱ्यांतल्यांपेक्षा वाईट नाहीत, उलट एक कारकून तर स्वतःहून चहा पाजून समजावून सांगायचा. गावठाणातलं आमचं जुनं घर चार खणांचं. त्यात दादा, त्याचे दोन भाऊ, त्यांची कुटुंबं आणि अंथरुणाला खिळलेली काकू. वहिनीने एके दिवशी सांगितलं, पोरगी दहावीला आहे, तिला पुस्तक उघडून बसायला कोपरा नाही, आपण रानात जाऊ. गावठाणात नवी जागा नव्हतीच. त्याची हद्द आजोबांच्या काळातली, आणि लोकसंख्या काही त्या हद्दीला विचारून वाढली नाही. गावठाण विस्ताराची तरतूद आहे, जिल्हाधिकाऱ्याला ते अधिकार आहेत. पण विस्ताराला जमीन लागते. गावाला सरकारी गायरान असलं तर ठीक, नाहीतर कुणाची तरी जमीन संपादन करावी लागते, आणि त्या कुणाचं तरी आडनाव बहुतेक वेळा सरपंचाच्या आडनावाशी जुळतं.

दादा कायद्याने जायचं म्हणाला. बारावीनंतर दोन वर्षं आयटीआय केलेला माणूस, कागदावर विश्वास ठेवणारा. पहिली ठेच झोन दाखल्यालाच लागली. प्रादेशिक योजनेच्या नकाशात आमचा गट हिरवा, म्हणजे शेती विभाग, ‘ग्रीन झोन’. गाव नियोजनाच्या हद्दीत आल्यामुळे शेतघराला परवानगी हवी, आणि बत्तीस गुंठे एक एकराहून आठ गुंठ्यांनी कमी. शेतघराचा रस्ता तिथेच बंद झाला.

मग कुणीतरी कलम ४२-ड सुचवलं. संहितेत अलीकडे घातलेलं हे कलम खरोखर कामाचं आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी अकृषिक झाली असं ते मानतं. बाकी बांधकामाचे नियम पाळायचे, शुल्क भरायचं. दादाने मोबाइलवर अंतर मोजलं. गावातल्या शेवटच्या घरापासून त्याच्या बांधापर्यंत दोनशे मीटरच्या आत बसत होतं. घरी पेढे आले. पण कायदा शेवटच्या घरापासून मोजत नाही, गावठाणाच्या हद्दीपासून मोजतो. शेवटची जी ओळ आहे, पंधरा-वीस घरांची, ती गावठाणाबाहेर शेतातच उभी आहे. कागदावरची हद्द त्या घरांच्या अलीकडे, मारुतीच्या पाराजवळ संपते. तिथून मोजलं तर दादाचा गट दोनशे मीटरच्या वर्तुळात जेमतेम एक कोपरा घुसवतो. त्या कोपऱ्यात विहीर आहे.

एवढ्यावर तो थांबला नाही. कोपरा तर कोपरा म्हणून त्याने अर्ज केला. मग आल्या त्रुटी. सातबाऱ्यावर नावं सामायिक, त्यात दोन आत्यांची. एक सुरतेला, दुसरीला दिसत नाही. दोघींच्या संमतीचे कागद हवे. संमती नको असेल तर कलम ८५ प्रमाणे वाटप करून घ्या. वाटप करायचं तर मोजणी करा. मोजणी करून तुकडे पडले तर ते तुकडेबंदीत बसतात का बघा. आणि पोहोच रस्ता कुठे आहे? रस्ता म्हणजे पाणंद. पावसाळ्यात ट्रॅक्टर जातो, माणूस गुडघाभर चिखलातून जातो. नकाशावर ती दोन तुटक रेषांची गाडीवाट आहे. रेखांकन मंजूर करताना अंतर्गत रस्त्याची मापं साधारण नऊ मीटरपासून सुरू होतात. याच राज्याच्या महसूल विभागाने २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करायचं ठरवलं, आणि त्याचंही गावात मोठं स्वागत झालं, कारण आज कित्येक ठिकाणी तेवढेही नाहीत. एक खातं तीन मीटर मिळवून देण्यासाठी धडपडतं आणि दुसऱ्या खात्याच्या वहीत रस्ता नऊ मीटरला सुरू होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे उभा दादा.

शेवटी त्याने तेच केलं जे सगळे करतात. गोठा बांधला. बँकेने घरकर्ज अर्थातच दिलं नाही. गोठ्यावर घरकर्ज कोण देणार? वहिनीची पाटली आणि मोहनमाळ सोनेतारणात गेली. गंमत पुढेच आहे. दोन वर्षांनी त्याने दोन म्हशी घेतल्या आणि त्यांच्यासाठी खराखुरा गोठा बांधायला काढला, तेव्हा ग्रामपंचायतीत प्रश्न पडला की या गटात एक गोठा आधीच दाखवला आहे, दुसरा कशाला?

या सगळ्या प्रवासात दादाला कुणी काय विचारलं नाही, ते मी वेगळं लिहून ठेवलं आहे. आमचं रान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती जमीन फुगते. अशा मातीवर साधा पाया घातला तर दोन-चार वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा जातात. पाया किती खोल घेतलास, मुरूम लागेपर्यंत गेलास का, जोत्यावर काँक्रीटचा पट्टा घातलास का, हे कुठल्याही टेबलावर विचारलं गेलं नाही. नंबर, क्षेत्र, झोन, रस्ता, सह्या. मिस्त्री शहाणा होता म्हणून घर नीट उभं आहे.

इथे किल्लारीच्या भूकंपाची आठवण काढावीच लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. हजारो माणसं गेली. भूकंपाची तीव्रता जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती, माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, बाहेरचा थर वेगळा आणि आतला वेगळा, मध्ये भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर माळवद, दरवर्षी पावसाआधी नवी माती टाकून जड होत गेलेलं. भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

ती घरं वाईट होती असं म्हणणारे तेव्हा खूप होते. उन्हाळ्यात ती घरं किती थंड राहतात हे ज्याने अनुभवलंय तो असं सरसकट म्हणणार नाही. आणि आश्चर्य असं की भारतीय मानक ब्युरोने त्याच १९९३ साली या घरांविषयी दोन मार्गदर्शिका काढल्या. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७, आणि दगड-विटांच्या कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८. आरपार दगड किती अंतरावर घालावा, दाराच्या वर सलग पट्टा कसा फिरवावा, कोपरे कसे बांधावेत, हे त्यांत चित्रांसकट आहे. गावच्या गवंड्याला समजावून सांगता येईल अशी भाषा, परवडतील असे उपाय. भूकंपानंतर त्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंतींत भोकं पाडून आरपार काँक्रीटचे दगड बसवण्याचं कामही काही प्रमाणात झालं. नंतर हे सगळं कपाटात गेलं. आज खेड्यात मातीत किंवा चिऱ्यात घर बांधायचं म्हणून नकाशा सादर केलात, तर पहिला प्रश्न येतो तो स्लॅबचा आणि कॉलमचा. ज्या संहितेत मातीच्या घराला जागा आहे ती टेबलावर नसते, आणि टेबलावर असते ती शहरातल्या इमारतींसाठी लिहिलेली.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात जी बावन्न गावं पूर्णपणे हलवली, त्यांत दुसरी चूक झाली. नगररचनेच्या नजरेतून ती गावं आदर्श आहेत. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं. पण जुन्या गल्लीत भावकी एका ओळीत राहायची, ओट्यावरून ओट्यावर बोलणं व्हायचं, जनावर दारात असायचं. नव्या आखणीत घरं लांब गेली आणि गोठ्याला जागा राहिली नाही. लोकांनी मग आपापल्या बुद्धीने पत्रे टाकले, भिंती ओढल्या. नियोजनकाराने याला अतिक्रमण म्हटलं. मला तरी ती त्या नकाशाची दुरुस्तीच वाटते.

आता उताराची गोष्ट. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. माळीणमध्ये १५१ माणसं गेली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले आणि पन्नासहून अधिक लोक ढिगाऱ्याखालीच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली आणली. मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली तर जवळजवळ सगळ्या राज्याला लागू असलेली ही जाडजूड वही. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकाम नको, हे तिच्यात लिहिलेलं आहे. नदीकाठी निळ्या पूररेषेच्या आत बांधू नका, हेही आहे. नियम चांगले आहेत, मी त्यांच्या बाजूने आहे. पण नियम भेटतो फक्त खिडकीवर अर्ज घेऊन येणाऱ्याला. इर्शाळवाडीची ठाकरं कधी खिडकीवर गेली नाहीत, त्यांना जायला रस्ताच नव्हता. सांगली-कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला जी घरं पाण्यात गेली, त्यांतली कित्येक पिढ्यान्‌पिढ्या गावठाणात होती, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अगदी निर्दोष जागी. दरडीच्या छायेतल्या वाडीला सुरक्षित जागी न्यायचं तर ती सुरक्षित जागा बहुधा वनखात्याची निघते किंवा कुणाच्या शेतीची. आणि मग वाडी तिथेच राहते. घराचा धोका कुठल्याच रकान्यात न बसल्यामुळे कुणाच्याही टेबलावर तो येत नाही.

फ्लेक्सवाल्यांचं काय? त्यांना झोन, रस्ता, सह्या लागत नाहीत का? लागतात, पण त्यांचं गणित वेगळं असतं. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा म्हणतो की ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकू नये. शेती परवडेनाशी होऊ नये हा हेतू. पुण्याच्या आसपास बागायतीला बरीच वर्षं अकरा गुंठ्यांचा हिशेब चालायचा, फ्लेक्सवरचे अकरा गुंठे आले ते तिथून. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे असं ठरलं. म्हणजे कोरडवाहू माळावर एक विहीर किंवा बोअर दाखवायची, बागायत लिहून घ्यायची आणि दहा-अकरा गुंठ्यांचे तुकडे पाडायचे. कायदेशीर शेतजमीन, स्वतंत्र सातबारा. घेणारा शेतकरी असल्याचा पुरावा हवा, कारण कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. तोही बंदोबस्त होतो, कसा ते लिहायला हा लेख पुरणार नाही. त्याहून लहान तुकडा हवा असेल तर पाच-दहा जणांच्या नावावर सामायिक खरेदीखत, आणि आपसात कुणाचा कोपरा कुठला याचा नोटरीचा कागद. त्या कोपऱ्यावर मग काय उठतं? गोठा. नाहीतर कंटेनर, किंवा चाकं लावलेली लाकडी खोली, कारण चाकं असली की ते बांधकाम नव्हे असा एक समज या धंद्यात आहे.

जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून असे तुकड्यांचे दस्त नोंदवणं थांबवलं, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवलं. त्यानंतरच्या गोंधळात ज्यांना घाई होती त्यांनी दस्त उरकून घेतले आणि ज्यांना कायद्याची भीती होती ते थांबून राहिले. भीती बाळगणाऱ्यालाच भुर्दंड, हे या क्षेत्रातलं सगळ्यांत नेमाने पाळलं जाणारं तत्त्व आहे.

नकाशाच्या रंगावर विसंबून राहणाऱ्यांची गत आणखी वेगळी. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठशेहून अधिक गावं, हजारो हरकती. कुठल्या गटावर पिवळा, म्हणजे निवासी, रंग आला आणि कुठला हिरवा राहिला याच्या झेरॉक्स चहाच्या टपरीवर मिळायच्या. पिवळ्याचे भाव रातोरात वाढले. २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्यात तर रंगाचं राजकारण याहून जुनं. तिथला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ च्या सुरुवातीला मागे घ्यावा लागला. पुढे नगरनियोजन कायद्यात १७(२) हे पोटकलम आलं. नकाशात अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करायच्या, एवढाच त्याचा घोषित हेतू. त्याखाली इतक्या जमिनींचे झोन बदलले की मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. आजोबांनी लावलेल्या काजूच्या बागेत, म्हणजे ऑर्चर्डमध्ये, दोन खोल्या टाकू पाहणाऱ्या गोंयकाराला मात्र ऑर्चर्ड म्हणजे ऑर्चर्डच. कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांची तीच कथा सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, भाषेत ऐकायला मिळते.

सरकारने काहीच केलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. एकत्रित नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर छोट्या घराला परवानगीची दगदग जवळजवळ संपवली. नकाशा आणि कागद सादर करा, शुल्क भरा, बांधा. तीनशे चौरस मीटरपर्यंतही काम सोपं केलं. २०२१ मध्ये ग्रामविकास खात्याने जाहीर केलं की ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचनाकाराकडे जायला नको. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले आणि दादासारखे लोक कात्रणं घेऊन ग्रामपंचायतीत गेले. तिथे कळलं की ही सवलत आहे ती जिथे घर बांधणं आधीच वैध आहे त्या जागेसाठी. गावठाणात असाल, मंजूर लेआउटमध्ये असाल, तर. हिरव्या गटात असाल तर तुमच्या हातातलं कात्रण म्हणजे भजी बांधायचा कागद.

गावठाणातल्या घरांचीही कागदाने कमी परवड केलेली नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक तोच मालकीचा समजून कपाटात जपत आले, आणि बँकेने नाकारला तेव्हा जागे झाले. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावठाणांची तर घरनिहाय मोजणीच झालेली नव्हती. ही उणीव भरून काढायला पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला. त्या प्रयोगातून पुढे, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राची स्वामित्व योजना आकाराला आली. आज हजारो गावांत घरटी मिळकत पत्रिका मिळाली आहे. अलीकडच्या काळातलं महसूल खात्याचं हे सगळ्यांत शहाणपणाचं काम, असं माझं मत आहे. ड्रोन मात्र गावठाणाच्या हद्दीवर जाऊन थांबतो. मारुतीच्या पारापलीकडची ती पंधरा-वीस घरं त्याने वरून पाहिली असणार, टिपली नाहीत.

मग काय हवं, असं मी एका निवृत्त सर्कलना विचारलं. नोकरीभर त्यांनी अनधिकृत बांधकामांचे पंचनामे केले. ते म्हणाले, आधी शेतघराची एक एकराची अट काढा, माणूस स्वतः कसतो आणि दुसरीकडे घर नाही एवढं तपासा, मग वीस गुंठे असोत की बत्तीस. आणि तलाठ्याला एक रकाना द्या: उतार किती, ओढा किती लांब, माती कुठली. मी विचारलं, तलाठ्याला हे कळेल का? ते हसले. म्हणाले, पीकपाहणीला जो बांधाबांधाने फिरतो त्याला ओढा कुठून वाहतो हे कळत नाही होय? त्याला आजवर कुणी विचारलं नाही एवढंच. एजंटाचं मत अर्थातच वेगळं पडलं. त्याच्या मते आहे ते ठीक आहे, फक्त ऑनलाइन व्हायला हवं.

तुकडेबंदीच्या नियमांत मार्च २०२४ मध्ये एक फट पाडली गेली. विहीर, शेतरस्ता आणि सरकारी घरकुल यांसाठी लहान तुकड्याला जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीने मुभा. घरकुलाला एक हजार चौरस फुटांपर्यंत. घरकुल यादीत नाव असून जागा नाही म्हणून अडकलेल्यांना तिचा उपयोग होईल. पण तेही यादीत नाव असलेल्यांना. दादाचं नाव यादीत नाही. गावठाणातल्या चार खणांत त्याचं पक्कं घर आहे अशी नोंद आहे.

आणि जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधिमंडळात जाहीर केलं की १ जानेवारी २०२५ पूर्वी पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे नियमित करण्याचा मार्ग काढला जाईल. लाखो लोकांचे पैसे अशा प्लॉटांत अडकले आहेत, त्यांतले बहुतेक गरीबच आहेत, आणि त्यांना नोटरीच्या कागदावर आयुष्यभर लटकत ठेवणं क्रूरपणाच होता. निर्णयाचं मी स्वागत करतो. दादाने ती बातमी दोनदा वाचली. मग मला फोन करून विचारलं, यात आपलं कुठे बसतं का बघ. मी बघितलं. ज्याने जमीन तोडली त्याचा, ज्याने तोडून विकली त्याचा, ज्याने तुकडा घेतला त्याचा विचार त्यात आहे. दादाने बत्तीस गुंठे तोडले नाहीत आणि विकलेही नाहीत, त्यामुळे नियमित करण्यासारखं त्याच्याकडे काही नाही.